‘आनंदी राहा’ एवढ्याने भागत नाही

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरची आरोग्य पुरवणी मी बरीच वर्षं वाचतोय, कित्येक कात्रणं जपून ठेवलीयेत, त्यामुळे नुसती तक्रार करायला लिहितोय असं समजू नका. पण एक गोष्ट खूप दिवस मनात आहे ती आज लिहूनच टाकतो. पुरवणीत बीपीवर लेख येतो, शुगरवर येतो, गुडघे, हार्ट, थायरॉइड सगळ्यावर येतो आणि सगळं कसं नीट समजावलेलं असतं, किती आकडा आला की काळजी करायची, कोणती टेस्ट कधी करायची, गोळी आत जाऊन काय करते. आणि लेख संपता संपता एक ओळ असते, ‘ताणतणाव टाळा, आनंदी राहा’. बास. म्हणजे शरीराबद्दल पानभर आणि मनाबद्दल एक ओळ, आणि ती ओळ पण अशी की वाचणाऱ्याने नेमकं करायचं काय ते कळतच नाही. ज्याच्या घरात मोठं आजारपण आहे, ज्याची नोकरी जायच्या बेतात आहे, ज्याचं जवळचं माणूस नुकतंच गेलंय, त्याने ताण टाळायचा म्हणजे काय करायचं हो?

मला ही ओळ इतकी का लागते ते सांगतो.

माझ्या वडिलांना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, होता. साडेचार वर्षं मी त्यांचं सगळं केलं. दिवसा कसंतरी निभायचं, पण रात्री ते तीन तीनदा उठायचे, दाराची कडी काढायचे, ‘मला घरी जायचंय’ म्हणायचे, आणि आपण घरातच आहोत हे त्यांना कितीही सांगितलं तरी पटायचं नाही. शेवटच्या दोन वर्षांत मला ओळखायचे नाहीत. ‘तुम्ही कोण, तुम्ही फार चांगले आहात, माझ्या मुलाला निरोप द्याल का’ असं मलाच विचारायचे. मी हो म्हणायचो. बाहेर येऊन भिंतीला टेकून उभा राहायचो थोडा वेळ आणि परत आत जायचो. रडलो वगैरे नाही कधी. पुरुष माणसाने रडायचं नसतं हे लहानपणी कुणी वेगळं शिकवलं नव्हतं, ते अंगात मुरलेलंच होतं.

त्या काळात एकदा काच फुटली ती उचलताना माझ्या तळहाताला कापलं. फार नाही, टाके पडण्याइतकं पण नाही. पण ती जखम भरेचना. खपली धरायची, परत उघडायची, दीड महिना उलटून गेला. शुगर असेल म्हणून तपासली, नॉर्मल. त्याच वर्षी मला सर्दी इतक्यांदा झाली की एक जाते न जाते तोवर दुसरी, मानेपासून खांद्यापर्यंत सतत दुखायचं, आणि आयुष्यात पहिल्यांदा बीपी वाढलेलं निघालं. ज्या डॉक्टरांकडे जात होतो त्यांनी गोळ्या दिल्या, त्या बरोबरच दिल्या, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण दर वेळी उठताना एकच वाक्य, ‘टेन्शन घेऊ नका’. जसं काही मी ते टेन्शन हौसेने घरी घेऊन आलो होतो.

मग एकदा ते डॉक्टर नव्हते म्हणून दुसऱ्या एका डॉक्टर बाईंकडे गेलो. त्यांनी बीपी बघितलं, हात बघितला आणि मग विचारलं, घरी कोण कोण असतं? रात्री सलग किती तास झोप मिळते? आणि शेवटचं, ‘गेल्या दोन आठवड्यांत मनापासून कशात रमलात असं झालं का?’ साहेब, मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि रडायलाच लागलो. बाहेर पेशंट थांबलेले होते, पण त्या काहीच बोलल्या नाहीत, टिश्यूचा बॉक्स पुढे सरकवला आणि थांबल्या. त्या दहा मिनिटांत मला जे कळलं ते त्याआधीच्या सगळ्या वर्षांत कळलं नव्हतं.

त्यांनी मला एका अभ्यासाबद्दल सांगितलं. नंतर मी तो शोधून वाचला, आणि मग त्या विषयावर वाचतच गेलो. 1995 साली अमेरिकेत ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीच्या जॅनिस किकोल्ट-ग्लेझर आणि त्यांच्या टीमने 13 बायका घेतल्या ज्या घरात डिमेन्शियाच्या पेशंटची सेवा करत होत्या, आणि त्याच वयाच्या, तशाच उत्पन्नाच्या पण अशी जबाबदारी नसलेल्या दुसऱ्या 13 बायका. सगळ्यांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची सारखीच छोटी जखम केली, रीतसर परवानगी घेऊन, आणि ती भरायला किती दिवस लागतात ते मोजलं. सेवा करणाऱ्या बायकांना सरासरी 9 दिवस जास्त लागले. नऊ दिवस! तेवढ्याशा जखमेला. माझा हात नेमका त्याचमुळे बरा होत नव्हता असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, एका माणसावरून तसं म्हणता येत नाही, पण ते वाचताना मी माझ्या तळहाताकडे बघत बसलो होतो हे मात्र खरं.

त्याच लोकांनी पुढे 1998 मध्ये डेंटलच्या विद्यार्थ्यांवर असंच बघितलं. एक जखम सुट्टीत, तोंडात टाळूला, आणि तीच मुलं, तशीच दुसरी जखम परीक्षेच्या तीन दिवस आधी. परीक्षेच्या वेळची जखम सरासरी 40 टक्के हळू भरली. ही तर तरुण, धडधाकट मुलं, आणि ताण म्हणजे परीक्षेचा, जो आपण सगळे किरकोळ समजतो.

आता हे होतं कसं, तर त्यात जादू काही नाही. शरीरातलीच यंत्रणा आहे. भीती वाटली, काळजी वाटली की मेंदूतला हायपोथॅलॅमस नावाचा भाग निरोप धाडतो, तो पिट्यूटरी ग्रंथीमार्फत किडनीच्या वर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींना पोचतो आणि त्या कॉर्टिसॉल नावाचं ताणाचं हॉर्मोन सोडतात, त्याच्या आधी क्षणात अ‍ॅड्रिनलिन सुटलेलं असतंच. ठोके वाढतात, बीपी वाढतं, रक्तात साखर सोडली जाते म्हणजे पळायला किंवा लढायला स्नायूंना ताकद मिळावी, पचनाचं काम मागे पडतं कारण त्या घडीला ते महत्त्वाचं नसतं. वॉल्टर कॅनन या शास्त्रज्ञाने शंभर वर्षांपूर्वीच याला ‘लढा किंवा पळा’ असं म्हटलं होतं. समोर साप असेल तर हे सगळं जीव वाचवणारं आहे. साप गेला की पाच दहा मिनिटांत अंग निवायला लागतं. पण माझ्या घरात तो साप साडेचार वर्षं जायला तयार नव्हता ना, आणि शरीराला हे समजत नाही की ही रात्री कडी वाजायची भीती आहे, साप नाही, ते बिचारं दर रात्री तेवढीच तयारी करत राहतं. कॉर्टिसॉल खरं तर पहाटे वाढून आपल्याला उठवतं आणि रात्री उतरतं, तो चढउतार बिघडला की झोप बिघडते, झोप बिघडली की तो अजून बिघडतो. आणि हेच कॉर्टिसॉल जास्त दिवस चढं राहिलं की जखमेवर धावून जाणाऱ्या पेशींचं काम मंदावतं.

मला यात सगळ्यात जास्त नवल कशाचं वाटलं सांगू, की आपल्या भाषेला हे सगळं आधीपासून माहिती होतं. पोटात गोळा येतो, छातीत धस्स होतं, हातपाय गार पडतात, तोंडचं पाणी पळतं, झोप उडते. हे नुसते वाक्प्रचार नाहीत हो, यातला एक एक म्हणजे लक्षण आहे. तोंडचं पाणी पळतं म्हणजे खरंच लाळ कमी होते, हातपाय गार पडतात म्हणजे खरंच कातडीकडचं रक्त आत वळवलं जातं. आणि ‘त्याने हाय खाल्ली’, ‘तिने धसका घेतला’ असं आपण म्हणतो ते तर मला आता फार खोल वाटतं. 1990 साली जपानमधल्या डॉक्टरांनी हृदयाचा एक आजार नोंदवला, ताकोत्सुबो नाव आहे, जपानमध्ये ऑक्टोपस पकडायचं मडकं असतं त्याला ताकोत्सुबो म्हणतात आणि या पेशंटच्या हृदयाचा डावा कप्पा फुगून तसाच दिसतो. जवळचं माणूस गेलं, फार मोठा धक्का बसला की कुणाकुणाच्या हृदयाचं असं होतं. छातीत दुखतं, ईसीजी हार्ट अटॅकसारखा, पण अँजिओग्राफी केली तर तो अटॅक समजावा असं ब्लॉकेज सापडत नाही. बहुतेक जण काही आठवड्यांत बरे होतात, पण काहींच्या जिवावरही बेततं. म्हणजे आपली आजी ‘हाय खाल्ली बिचारीने’ म्हणायची तेव्हा ती काही भाबडेपणाने बोलत नव्हती.

सर्दीचं पण सांगतो, कारण सर्दीसाठी कुणी मानसिक कारण धरतच नाही. शेल्डन कोहेन नावाच्या मानसशास्त्रज्ञाचा 1991 चा अभ्यास आहे, त्यात 394 तब्येतीने चांगल्या असलेल्या लोकांना आधी त्यांच्या आयुष्यातल्या ताणाबद्दल विचारलं आणि मग त्यांच्या नाकात सर्दीच्या व्हायरसचे थेंब टाकले. व्हायरस सगळ्यांना दिला, पण ज्यांच्यावर ताण सगळ्यात कमी होता त्यांच्यात साधारण 27 टक्के लोकांना सर्दी झाली आणि ज्यांच्यावर सगळ्यात जास्त होता त्यांच्यात 47 टक्के. त्यांनीच 1997 मध्ये 276 लोकांना घेऊन बघितलं की माणसाचे संबंध किती प्रकारचे आहेत, म्हणजे घरचे, मित्र, शेजारी, ऑफिसातले, एखाद्या मंडळातले वगैरे, आणि ज्यांचे संबंध अगदी मोजक्या प्रकारचे होते त्यांना सर्दी होण्याचा धोका चौपटीहून जास्त निघाला. माणसं जास्त भेटली की जंतू जास्त मिळणार असं आपल्याला वाटतं, इथे उलटं होतं. वडिलांच्या आजारपणात माझं तेच झालं होतं, मित्र सुटले, लग्नकार्य सुटली, फोन घेणं सुटलं, हळूहळू जगात फक्त मी आणि ते.

हृदयाबद्दल जरा थांबून लिहायला पाहिजे. 2004 साली ‘इंटरहार्ट’ नावाचा फार मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, 52 देशांमधला. पहिला हार्ट अटॅक आलेल्या लोकांची निरोगी लोकांशी तुलना केली आणि नऊ गोष्टी अशा सापडल्या की जगभरातला बहुतेक धोका त्यांच्यातच येतो. सिगरेट, बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, पोटाचा घेर वगैरे आपल्याला पाठ आहेत. पण त्याच यादीत, त्यांच्याच रांगेत, मानसिक ताण आणि डिप्रेशन हेही आहे. तुमच्या पुरवणीत मी बाकीच्या आठांवर स्वतंत्र लेख वाचलेत साहेब. या नवव्यावर मात्र तीच एक ओळ.

आणि अटॅक येऊन गेल्यावरचं काय? माझ्या एका मित्राला अटॅक आला, स्टेंट टाकला, रिपोर्ट छान, डॉक्टर खूश, घरी आला आणि गप्प झाला. चालायला जायचं नाही, कुणाला भेटायचं नाही, नुसता छतावरच्या पंख्याकडे बघत पडून. आम्ही सगळे म्हणायचो एवढ्या मोठ्यातून वाचलास, आता कसली काळजी. दोन महिन्यांनी बायकोला सापडलं की गोळ्यांच्या पट्ट्या तशाच पडल्यात, तो घेतच नव्हता. ‘कशाला घ्यायच्या’ म्हणाला. हे फक्त त्याचंच नाही. 2000 साली बरेच अभ्यास एकत्र करून बघितलं गेलं होतं त्यात डिप्रेशन असलेल्या पेशंटनी औषधोपचार नीट न पाळण्याची शक्यता इतरांच्या तिप्पट निघाली. म्हणजे मनाचा परिणाम शरीरावर हॉर्मोनच्या वाटेनेच होतो असं नाही, हा दुसरा रस्ता तर अगदी साधा आहे. ज्याला सकाळी उठून करायचं काय असं वाटतं तो गोळी घेणार नाही, चालायला जाणार नाही, सिगरेट सोडणार नाही, फॉलोअपला जाणार नाही. त्याला आळशी म्हणून, निष्काळजी म्हणून बोलणी खावी लागतात आणि त्याने तो अजून खाली जातो. मित्राच्या बाबतीत पुढे कार्डिओलॉजिस्टनीच मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं, औषध सुरू झालं, काही महिने गेले, आणि आता तो त्याच्या हार्टच्या गोळ्या स्वतःच्या हाताने डबीत भरून ठेवतो.

आता जे लिहिणार आहे ते फार काळजीपूर्वक लिहितोय, कारण मनाबद्दल बोलायला लागलं की काही लोक दुसऱ्या टोकाला जातात. ‘सगळं मनावर आहे’, ‘पॉझिटिव्ह राहिलास तर कॅन्सर पण जातो’. नाही जात हो. 2007 साली डोकं आणि मान यांच्या कॅन्सरच्या 1,093 पेशंटचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात भावनिक स्थिती चांगली असलेले लोक जास्त जगले असं काही दिसलं नाही. जो माणूस केमोच्या वेदनेत आहे त्याला जर आपण सांगितलं की तुझा विचार पॉझिटिव्ह असता तर बरा झाला असतास, तर आपण त्याला आजारासोबत अपराधाचं ओझं पण देतो, आणि मला विचाराल तर ते क्रूर आहे. कॅन्सरमध्ये मनाची काळजी घ्यायची ती त्याची झोप, त्याची भीती, त्याचं दुखणं, त्याचे उरलेले दिवस बरे जावेत म्हणून, आणि ते कारण स्वतःच पुरेसं मोठं आहे.

तसंच अल्सरचं. कित्येक वर्षं पोटातल्या अल्सरसाठी पेशंटच्या स्वभावाला दोष दिला गेला, तुम्ही काळजी फार करता म्हणून. मग 1982 पासून पुढे ऑस्ट्रेलियातल्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी दाखवलं की बहुतेक वेळा त्यामागे एक बॅक्टेरिया असतो, अँटिबायोटिकने बरं होतं, आणि 2005 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आणि उलटही होतं. थायरॉइड कमी पडला किंवा बी 12 कमी झालं की माणूस उदास होतो, सुस्त होतो, चिडतो, आणि घरचे म्हणतात मनाला लावून घेतलंय. म्हणून तपासणी आधी पूर्ण करायची. ‘टेस्ट नॉर्मल आली म्हणजे मनाचं असणार’ आणि ‘मनाचं आहे म्हणजे खरं नाही’ ही दोन्ही वाक्यं मी इतक्या जणांना ऐकवलेली ऐकलीत की त्यांची चीड येते. दुखणं दुखतं तेव्हा खरंच दुखत असतं. 1965 मध्ये मेलझॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी मांडलं होतं की वेदनेचा निरोप मेंदूकडे जाताना वाटेत, मणक्यातल्या मज्जारज्जूत, एक दार असल्यासारखं असतं आणि मेंदूकडून येणाऱ्या सूचनांनी ते कमी जास्त उघडतं. भीतीत, एकटेपणात दुखणं वाढतं ते ‘नाटक’ नसतं.

बरं, मग माझं काय झालं. त्या डॉक्टर बाईंनी बीपीची गोळी चालूच ठेवली, ते मुद्दाम लिहितोय कारण कुणी माझं पत्र वाचून स्वतःच्या गोळ्या बंद करू नयेत. पण त्यांनी अजून एक काम केलं, माझ्या थोरल्या बहिणीला बोलावून घेतलं. ताईला मी कधी सांगितलंच नव्हतं की मला झेपत नाहीये, तिला वाटत होतं मी सगळं छान सांभाळतोय, आणि मला वाटत होतं तिला काही पडलेलीच नाही. त्या खोलीत बसून ती मला म्हणाली, ‘अरे एकदा बोलायचंस तरी.’ आठवड्यातल्या दोन रात्री तिने घेतल्या. फक्त दोन. पण त्या दोन रात्री मी दुसऱ्या खोलीत दार लावून झोपायचो आणि कडीचा आवाज माझा नाही हे माहिती असायचं. पहिल्या महिन्यात तर त्या रात्रीही दचकून जाग यायची, मग हळूहळू शरीराला पटलं.

दुसरं म्हणजे काउन्सेलर. मला वाटायचं तिथे जाऊन काय, नुसतं बोलायचंच ना, ते तर मित्राशीही होतं. नाही, वेगळं असतं. मित्र लगेच सल्ला देतो नाहीतर स्वतःचं सांगायला लागतो. तिथे मी पहिल्यांदा मोठ्याने म्हणालो की कधी कधी मला वाटतं वडील सुटले तर बरं, आणि मग मला माझी इतकी शरम वाटली की पुढे बोलवेना. त्या म्हणाल्या, एवढी वर्षं सेवा करणाऱ्या बहुतेक लोकांच्या मनात हे येतं, आणि ते आलं म्हणून प्रेम कमी होत नाही. हे ओझं मी किती दिवस छातीवर घेऊन फिरत होतो ते उतरल्यावर कळलं. त्यांनीच मला डिमेन्शियाच्या पेशंटच्या घरच्यांच्या एका ग्रुपमध्ये जायला सांगितलं, महिन्यातून एकदा. तिथे कुणी कुणाला ‘आनंदी राहा’ म्हणत नाही. एक काकू म्हणाल्या होत्या की माझे मिस्टर मला ‘ताई’ म्हणतात आता, आणि सगळ्यांनी नुसती मान हलवली. कुणाला काही समजावून सांगायची गरजच नव्हती.

बीपी जादूने नॉर्मल झालं नाही. पण डोस वाढवायची वेळ आली नाही, सर्द्या कमी झाल्या, मानेचं दुखणं दोन वर्षांत पहिल्यांदा एखादा दिवस नसायचं. हात भरला. आणि वडिलांवर ओरडायचं बंद झालं, हे तर मी वर लिहिलंच नाही, की मी ओरडायचो. झोप झालेला माणूस आणि न झालेला माणूस एकच नसतो. माझी तब्येत सुधारली तशी त्यांचीही जरा सुधारली, म्हणजे आजार वाढतच होता, पण त्यांची चिडचिड, घाबरणं कमी झालं, कारण त्यांना माझे शब्द कळत नसले तरी आवाज कळायचा.

2010 साली ज्युलियन होल्ट-लुनस्टॅड या मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 148 अभ्यास एकत्र केले, तीन लाखांवर माणसं, सरासरी साडेसात वर्षं. ज्यांचे नातेसंबंध, माणसांचा आधार चांगला होता त्यांची त्या काळात जिवंत राहण्याची शक्यता 50 टक्क्यांनी जास्त निघाली. मी हे आकडे परत परत देतोय त्याचं कारण आहे. ‘माणसं जोडावी’ हे सुविचार म्हणून भिंतीवर लावलं की कुणी वाचत नाही. पण हे सिगरेट आणि व्यायामाच्या शेजारी मांडायच्या तोलाचं आहे असं दाखवलं तर माझ्यासारखा माणूस, ज्याला भावना म्हणजे फालतू लाड वाटत होते, तो थांबून ऐकतो. मी थांबलो असतो.

जागतिक आरोग्य संघटनेची घटना 7 एप्रिल 1948 ला लागू झाली, त्यात आरोग्याची व्याख्याच अशी आहे की शारीरिक, मानसिक आणि सामाजिक अशी संपूर्ण सुस्थिती, फक्त आजार नसणं म्हणजे आरोग्य नव्हे. त्याची आठवण म्हणून 1950 पासून 7 एप्रिलला आपण जागतिक आरोग्य दिन पाळतो आणि मानसिक आरोग्याचा दिवस मात्र वेगळा, 10 ऑक्टोबर. त्या दिवसाला माझा विरोध नाही, त्याची गरज आहे. पण पेपरमध्ये काय होतं की वर्षभर मनाला एक ओळ आणि 10 ऑक्टोबरला पूर्ण पान, आणि त्या पानावर हाताने डोकं धरून बसलेल्या माणसाचा अंधारातला फोटो. बीपीचा पेशंट ते पान उलटतो, कारण त्याला वाटतं हे आपलं नाही. मी पण उलटायचो.

म्हणून माझी विनंती एवढीच आहे. वेगळं पान नको, निदान फक्त तेवढं नको. बीपीवर लेख आला की त्याच लेखात, शेवटच्या ओळीत नाही, मधोमध, झोपेचं आणि काळजीचं येऊ द्या. शुगरच्या लेखात हे येऊ द्या की रोज आकडे मोजून, पथ्य पाळून माणूस थकतो, कंटाळतो, आणि तो कंटाळा डॉक्टरांना सांगायची गोष्ट आहे. हार्टच्या लेखात हे येऊ द्या की अटॅकनंतरची उदासी नुसती ‘अशक्तपणा’ म्हणून सोडून द्यायची नसते. आणि जिथे बीपीचे आकडे चौकटीत छापता तिथेच एक छोटी चौकट अजून छापा, त्यात दोनच प्रश्न, जे जगभरातले डॉक्टर पहिल्या चाचपणीसाठी विचारतात. गेल्या दोन आठवड्यांत कशातच मन लागत नाही, मजा वाटत नाही असं किती दिवस झालं? गेल्या दोन आठवड्यांत उदास, खचल्यासारखं, काही आशाच नाही असं किती दिवस वाटलं? उत्तर ‘बरेच दिवस’ असेल तर डॉक्टरांना सांगा, आणि जगणं नकोसं वाटत असेल तर आजच सांगा, थांबू नका. एवढ्यावरून डिप्रेशन आहे असं कुणी ठरवू नये, ते ठरवणं डॉक्टरांचं काम, पण बोलणं सुरू तरी होतं.

डॉक्टर मंडळीही तुमचा पेपर वाचत असतील. त्यांच्याकडे वेळ नसतो हे मला माहिती आहे, बाहेर किती लोक बसलेले असतात ते मी बघितलंय. पण माझ्या डॉक्टर बाईंना जादा किती वेळ लागला? तीन प्रश्न आणि थोडी शांतता. आधीच्या दीड वर्षात ज्या तपासण्या झाल्या त्यांना याहून कितीतरी जास्त वेळ गेला होता.

वडिलांना जाऊन आता दोन वर्षं होतील. तो ग्रुप मी सोडलेला नाही, दर महिन्याला जातो. मागच्या वेळी एक तरुण मुलगा आला होता पहिल्यांदाच, आईला डिमेन्शिया आहे त्याच्या. सगळ्यांनी कसं चाललंय विचारलं तर म्हणाला, मस्त, काही प्रॉब्लेम नाही. त्याच्या मनगटाला पट्टी होती. मी शेजारी जाऊन बसलो आणि विचारलं, रात्री सलग किती तास झोपतोस रे?

आपला,
एक नियमित वाचक